मागच्या खोलीतला हुक्का

त्या उन्हाळ्यात बिर-ज़ीतून गावात खोकल्याचा आवाज नाही असं घर शोधावं लागलं असतं. सकाळी मशिदीच्या भोंग्यावरून गेलेल्यांची नावं सांगितली जात, तेव्हा बायका हातातलं काम टाकून कान देत आणि आपल्या ओळखीचं नाव नाही कळलं की चोरून श्वास सोडत. ऑलिव्हच्या बागांपलीकडचं मोठं इस्पितळ भरून वाहत होतं. माणसं मोटारीच्या मागच्या सीटवर, नळी नाकाला लावून, जागा रिकामी होण्याची वाट बघत पडलेली असत. आणि जागा कशी रिकामी होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सरकारने ओमदाकरवी, म्हणजे गावच्या सरकारी मुखियाकरवी, कहवाखाने बंद करायला सांगितले होते. हुक्क्याला तर पूर्ण बंदी होती. पण बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीतला लमजदचा कहवाखाना पुढून बंद आणि मागून चालू होता. शटर खाली, खिडक्यांना आतून घोंगड्या, आणि मागच्या खोलीत पत्त्यांचे दोन अड्डे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून हवासुद्धा बाहेर जाणार नाही, अशी व्यवस्था!

वाचकहो, लमजद लोभी माणूस होता असं समजू नका. ज्यांच्याकडे द्यायला काही नसे, त्यांनाही तो बदाम घातलेला चहा पाजायचा. त्याचं दुखणं वेगळं होतं. जुन्या राजवटीत राष्ट्राध्यक्षांवर केलेल्या एका विनोदापायी तो तुरुंगात जाऊन आला होता. पुढे एका जानेवारीत सगळा देश रस्त्यावर उतरला, तेव्हा तो पहिल्या रांगेत होता. पोलिसाची काठी डोक्यात बसली आणि तो चौकात कोसळला. त्याला तिथून ओढून बाहेर काढलं ते बशीरने. बशीर म्हणजे मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, लमजदचा लहानपणापासूनचा मित्र. राजवट गेली, लमजदच्या कपाळावर वण राहिला. गाव त्याला मानाने 'सी लमजद' म्हणू लागलं. आता कुणी त्याला 'बंद कर' म्हटलं की त्याला ती काठीच आठवायची.

एका दुपारी मागच्या दारावर थाप पडली. पत्ते झाकले गेले. पण दारात पोलीस नव्हता, शाज़लिया वकील होत्या, गावाच्या 'उस्ताज़ा'. सत्तरी गाठलेल्या, तोंडावर मास्क, दम लागलेला. लमजदचं वकीलपत्र घ्यायला कुणी तयार नव्हतं तेव्हा ते याच बाईंनी घेतलं होतं. या उन्हाळ्यात त्या गावातल्या काही मुलांना हाताशी धरून ऑक्सिजनच्या टाक्या मिळवत फिरत होत्या.

"या, उस्ताज़ा, या! तुमच्यासाठी चहा टाकतो," लमजद म्हणाला.

"मी आत येत नाही. तू बाहेर ये."

तो बाहेर आला. उन्हात दोघं भिंतीच्या चिंचोळ्या सावलीत उभी राहिली.

"लमजद, बंद कर हे."

"तुम्ही सांगताय हे मला? ओमदाने सांगितलं असतं तर समजू शकलो असतो. तो वरून हुकूम आला की आंघोळसुद्धा करायची थांबवेल."

शाज़लिया हसल्या नाहीत. "ओमदाला सोड. गेल्या आठवड्यात संचारबंदी मोडली म्हणून पोलिसांनी तिघा कोळ्यांना चौकीत बडवलं. त्यांना सोडवून आणायला कोण गेलं होतं?"

"तुम्ही."

"मग मी सरकारची बोलकी बाहुली नाही, एवढं तरी मान्य कर. ज्यांचं हातावर पोट आहे त्यांच्यासाठी मी रोज भांडते. जो हुकूम चुकीचा आहे त्याला चुकीचा म्हणते. हा चुकीचा नाही."

"उस्ताज़ा, मी कुणाला बखोटीला धरून आणतो का? ही सगळी जाणती माणसं आहेत. ज्याला भीती वाटते त्याने घरी बसावं, ज्याला नाही त्याने यावं. याचसाठी तर आपण मार खाल्ला ना? आपापला निर्णय आपण घ्यावा म्हणून!"

"बरोबर. आत बसलाय त्याने त्याचा निर्णय घेतला. संध्याकाळी तो घरी जाईल. घरी त्याची आई असेल, नातवंडं असतील. त्यांना तू विचारलंस? त्याने विचारलं?"

"आता प्रत्येकाच्या आईला विचारून चहा देऊ की काय!"

आतून कुणीतरी मोठ्याने हसलं. लमजदलाही आपल्या उत्तराची गंमत वाटली. शाज़लियांनी मास्क नाकावर नीट केला. "तुरुंगात तुला कशाचा सर्वांत जास्त राग यायचा, आठवतं? तू मला सांगितलं होतंस. मारापेक्षा जास्त या गोष्टीचा, की आपल्याबद्दल सगळं दुसरंच कुणीतरी ठरवतं आणि आपल्याला विचारत नाही." एवढं बोलून त्या गल्ली चढून निघून गेल्या. मध्ये दोनदा थांबून त्यांनी भिंतीला हात टेकला.

लमजद आत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई म्हातारी झाली. घाबरली. उद्याही याच वेळेला उघडणार, ज्याची छाती असेल त्याने यावं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, टेबलावर थापा मारल्या. सर्वांत जोरात बशीरने मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लमजद चुलीपाशी उभा होता. अंगात कणकण होती, पाठ दुखत होती. बायको रशीदा धावत आली आणि तिने फडक्याने पातेलं खाली ओढलं. दूध उतू जाऊन तळाला जळलं होतं, स्वयंपाकघरात धूर कोंडला होता.

"अहो, तुम्ही इथेच उभे ना? अख्ख्या घरात जळका वास सुटलाय, तुमच्या नाकाला कळला नाही?"

लमजदने पातेल्यात वाकून पाहिलं. मग त्याने फळीवरचा कॉफीचा डबा उघडून नाकाशी धरला. तीस वर्षं तो वास त्याच्या कपड्यांत, केसांत, बोटांत मुरलेला होता. आज डब्यात जणू माती होती.

रशीदा त्याच्याकडे बघत राहिली. त्या उन्हाळ्यात याचा अर्थ काय, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"आज जाऊ नका," ती हळूच म्हणाली.

"उन्हाळ्यातली सर्दी आहे."

"सर्दी असू दे. सर्दी म्हणूनच जाऊ नका."

"काल सगळ्यांसमोर बोललोय मी. आज बंद दिसलं तर काय म्हणतील? म्हातारीने दम दिला आणि लमजद शेपूट घालून बसला!"

"आणि उघडून कुणाला काही झालं तर काय म्हणतील?"

त्याने फडताळ उघडलं. तापाची गोळी पाण्याबरोबर गिळली आणि किल्ल्या उचलल्या. रशीदा दारापर्यंत आली, पण तिने त्याचा हात धरला नाही. त्याचं तिला पुढे फार वाईट वाटलं.

त्या दुपारी मागची खोली गच्च भरली. कालच्या आव्हानाचा परिणाम! बशीरने शिरताच विचारलं, "काय रे, डोळे लाल का?"

"झोप नाही झाली."

"माझी पण नाही. रीम रात्रभर येरझारा घालते. सातवा लागलाय, पाय सुजलेत."

रीम ही बशीरची एकुलती मुलगी, गावातल्या शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवणारी. नवरा इटलीत, हद्दी बंद, म्हणून ती बाळंतपणासाठी बापाकडे राहत होती. वसंतापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. भाजी दारातच व्हिनेगरमध्ये धुऊन घ्यायची, शेजारणींशी गच्चीवरून बोलायची. बापाने बाहेर जाऊ नये म्हणून ती रोज विनवायची, आणि बशीर तिला रोज सांगायचा, "धक्क्यावर उघड्या वाऱ्यात बसतो गं, एकटाच."

"हुक्का लाव," बशीर म्हणाला. "तुझ्या हातचा."

हुक्का पेटवणाऱ्याला पहिले दम स्वतः ओढावे लागतात, तेव्हा कुठे निखारा धरतो. लमजदने निखारे मांडले, नळी तोंडात धरली आणि ओढली. धूर छातीत गेला, चव कसलीच आली नाही. सफरचंदाची तंबाखू होती आणि त्याला कोमट हवा ओढल्यासारखं वाटत होतं. खोकला आला, तो त्याने घशातच दाबला. नळी हातात धरून तो क्षणभर थांबला.

बशीरने हात पुढे केलेला होता.

त्या क्षणी काय काय करता आलं असतं! नळी खाली ठेवता आली असती. 'आज मला बरं नाही रे' एवढे शब्द पुरले असते. बशीरने चार शिव्या हासडल्या असत्या, दोघं हसले असते आणि गोष्ट तिथेच मिटली असती. पण खोलीभर माणसं होती, आणि काल टाळ्या पडल्या होत्या.

लमजदने नळी बशीरच्या हातात दिली.

चार दिवस तो अंथरुणावर पडून राहिला आणि उठला. आजाराने त्याला ओझरतं चाटून सोडून दिलं. कहवाखाना या काळात बंद राहिला. 'सी लमजद रशीदाच्या माहेरी गेलाय,' असं गल्लीत सांगण्यात आलं. तो उठला तोवर बशीर पडला होता. बशीरही आठवड्याभराने भिंतीला धरून चालू लागला. पण तोवर रीमला धाप लागायला लागली होती.

पुढचं सगळं लमजदला गल्लीतून, तुकड्यातुकड्याने कळलं. मोठ्या इस्पितळाच्या फाटकापाशी बशीर तिला मोटारीत घेऊन उभा होता. आत खाट नव्हती. शाज़लियांबरोबर फिरणाऱ्या मुलांनी कुठूनशी टाकी मिळवून आणली, ती डिकीत आडवी टाकून नळी पुढच्या सीटपर्यंत ओढली. ओठ निळे पडलेल्या त्या पोरीने बापाला विचारलं, "बाबा, आपल्या घरात कुठून आलं? मी तर कुठेच गेले नाही." बशीर तिच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिला.

खाट मिळाली तेव्हा डॉक्टरांनी आधी पोट उघडून मूल बाहेर काढलं. मुलगी होती, मूठभर, पण रडली. रीमने तिला पाहिलं नाही. ती शुद्धीवर आलीच नाही.

दफनाच्या वेळी पांढऱ्या पोशाखातल्या चौघांनी पेटी उतरवली. बापाला लांब उभं केलं होतं. लमजद दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, निवडुंगाच्या आडोशाला उभा होता. आत जायची त्याची छाती झाली नाही. नमाज़ संपायच्या आत तो घरी आला आणि रशीदाला म्हणाला, "मासळीबाजारात सगळेच जातात. बशीर कुठे कुठे फिरला असेल. कुठून आलं हे कोण सांगणार?"

रशीदा मिरच्यांची देठं काढत होती. तिने मान वर केली नाही. "मला कशाला सांगताय? मी कुठे काही विचारलंय?"

तिसऱ्या दिवशी बशीर आला. दारातच उभा राहिला. दाढी वाढलेली, सदरा खांद्यावर लोंबत होता. लमजद पुढे झाला, पण बशीरने तळहात वर करून त्याला तिथेच थांबवलं.

"एकच विचारायला आलोय. तू हुक्का लावून दिलास, त्या दिवशी तुला माहीत होतं?"

उत्तर जिभेवर तयार होतं. मासळीबाजार, गर्दी, नशीब, अल्लाची मर्जी. बशीरने विश्वासही ठेवला असता. लहानपणापासून ठेवत आला होता. पुरावा कुणाकडे नव्हता. जळलेलं दूध पाहिलं होतं ते फक्त रशीदाने, आणि ती पडद्यामागे स्तब्ध उभी होती.

आणि लमजदच्या मनात एकदम उजेड पडला, असा की त्याला तो सोसवेना. तुरुंगात त्याच्याबद्दल सगळं इतरांनी ठरवलं होतं, पण निदान त्याला त्यांचे चेहरे दिसत होते. रीमने तर काहीच पाहिलं नव्हतं! ती दार लावून बसली होती, आणि एका बंद खोलीत, टाळ्यांच्या मोहापायी, एका माणसाने तिचं सगळं ठरवून टाकलं होतं. ज्याला तो आपलं स्वातंत्र्य म्हणत होता, ते त्याने तिच्या वाट्यातून काढून घेतलं होतं!

"माहीत होतं," लमजद म्हणाला. "सकाळपासून. दूध जळलं तरी वास आला नव्हता. रशीदाने अडवलं होतं. माहीत असून नळी तुझ्या हातात दिली."

बशीरने दाराची चौकट धरली. मग म्हणाला, "मी तिला सांगायचो, धक्क्यावर बसतो म्हणून. म्हणजे मीही खोटंच बोललो. माझं मी बघेन." त्याचा आवाज फाटला. "पण तू तोंड उघडलं असतंस तर मी नळी घेतली नसती रे! पोटुशी पोर होती घरात. घेतली असती का मी?"

तो वळला आणि भिंतीचा आधार घेत निघून गेला. लमजद उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा रडला. रशीदाने त्याला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी तो शाज़लियांच्या कचेरीबाहेर जाऊन उभा राहिला. त्या पायरीवर आल्या. त्याने सगळं सांगितलं आणि म्हणाला, "मला चौकीत घेऊन चला. काय शिक्षा असेल ती होऊ दे."

"चौकीत ते तुला दंड करतील आणि घरी पाठवतील," शाज़लिया म्हणाल्या. "त्याने तुला बरं वाटेल. गावाला काय?"

"मग मी काय करू?"

"तुझ्या त्या खोलीसारख्या अजून किती खोल्या आहेत गावात?"

त्याला सगळ्या माहीत होत्या.

"त्या लोकांना मी सांगायला गेले की म्हणतात, म्हातारी घाबरली. ओमदा गेला की म्हणतात, सरकारचा माणूस. पोलीस गेला की काठी घेऊनच जातो, आणि मग लोकांना वाटतं, काठी वाईट म्हणजे सांगणंही वाईट. तुझं ते ऐकतील. तू जा. पण उपदेश करू नकोस, तू काय केलंस तेवढं सांग."

"थुंकतील तोंडावर."

"थुंकतील," शाज़लिया म्हणाल्या. "मास्क लावून जा."

तो गेला. पहिल्यांदा गेला तो बाजारामागच्या कहवाखान्यात, जिथे शटर अर्धं खाली होतं. दारातच उभा राहून त्याने हाक मारली. आतून एक जण ओरडला, "अरे, सी लमजद! काय, ओमदाने नोकरीला ठेवलं की काय?" हशा पिकला.

लमजदने हसणं थांबू दिलं. मग तो बोलला. स्वतःचं नाव घेऊन, रीमचं नाव घेऊन. दूध, गोळी, हुक्का, सगळं. "मी म्हणायचो, माझा निर्णय मी घेणार. माझ्या तापाचा निर्णय मी घेतला, तो खरा. पण मेली ती. तिने काहीच ठरवलं नव्हतं."

कुणीतरी म्हणालं, "खुनी आहेस तू." लमजदने मान डोलावली. एका म्हाताऱ्याने पत्ते टेबलावर उपडे ठेवले, टोपी चढवली आणि त्याच्याकडे न पाहता बाजूने निघून गेला. आणखी दोघं उठले. बाकीचे बसून राहिले, डाव पुढे चालू झाला. पुढच्या कहवाखान्यात त्याला शिव्या देऊन हाकललं. त्याच्या पुढच्याने मात्र त्याच्यासमोर निखारे पाण्यात टाकले. असा तो फिरत राहिला. सकाळ झाली की तो पुन्हा निघे.

उन्हाळा सरता सरता शाळेच्या पटांगणात लसीकरण सुरू झालं. लमजदने कहवाखान्यातल्या सगळ्या खुर्च्या ढकलगाडीवर घालून तिथे नेल्या आणि लांब लांब मांडल्या. माणसं येत होती, बसत होती, दंड पुढे करत होती. त्यांत एक दिवस बशीर आला. हातांत दुपट्यात गुंडाळलेली नात होती. रांग मोठी होती, ऊन चढलं होतं.

लमजद एक खुर्ची उचलून त्याच्याकडे निघाला. बशीरने त्याला येताना पाहिलं. नातीचं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाला, "तिथेच ठेव. आणि मागे सर. पोर आहे जवळ."

लमजदने खुर्ची ठेवली आणि मागे सरला. बशीर येऊन बसला. दोघांत पाच-सहा हातांचं अंतर होतं. बशीरने त्याला माफ केलं नाही, पुढेही कधी केलं नाही, आणि लमजदने मागितलंही नाही. नातीला ऊन लागत होतं, म्हणून लमजद आणखी थोडा बाजूला, सूर्याच्या आड येईल असा उभा राहिला. त्याची सावली खुर्चीवर पडली. बशीरने ती पडू दिली.

वाचकहो, स्वातंत्र्य फार मोलाने मिळतं, आणि ज्यांनी त्यासाठी मार खाल्ला त्यांना ते जिवापाड जपावंसं वाटतं, यात गैर काही नाही. सरकारलाही जाब विचारलाच पाहिजे, साथीच्या दिवसांतसुद्धा. पण आपल्या श्वासावर जेव्हा दुसऱ्याचा जीव टांगलेला असतो, तेव्हा फक्त आपल्या मर्जीपुरता विचार करणारा माणूस स्वतंत्र राहत नाही. तो इतरांचा हुकूमशहा होतो, आणि ते त्याला कळतही नाही. अंगात ताप असेल तर खरं सांगा. घरी बसा. समोरच्याला निवड करू द्या. रीमला कुणी ती करू दिली नाही.